चौदा सह्यांचं घर

एरीला नोव्हेंबरातच सरोवरावरून बर्फ चालून येतो.
सोमवारी सकाळी माझ्या टेबलापलीकडे येऊन बसतो कॅझिमिर डोम्बेक,
वय त्र्याहत्तर, बेसबॉलचा जुना कॅचर.
दोन्ही हात टॉवेलवर उताणे ठेवतो.
आल्याचे दोन गड्डे.

मी मिरजेची. लोकांची बोटं सरळ करणं हा माझा धंदा.
कॅचर म्हणजे काय ते त्यानंच मला समजावलं
आणि मी त्याला यष्टिरक्षक:
'तोही उकिडवाच बसतो, पण मधूनमधून उठतो तरी.'
'मी अकरा हंगाम उठलो नाही,' तो म्हणाला.

कोनमापक लावते मी एकेका सांध्याला.
करंगळी, सन पंच्याहत्तर.
मधलं बोट, अठ्ठ्याहत्तर.
अंगठ्याचं साल त्याला आठवत नाही,
'थंडी होती, एवढं नक्की.'

थंडीचं त्याला सगळं आठवतं.
बाप इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर, संप लांबलेला,
गॅस कापलेला,
आणि चार पोरं एका रजईत,
उशाच्या पेल्यात पाण्याची काच झालेली.
सांगतो तेही उद्याचं हवामान सांगावं तसं.

शहराला मात्र आठवतो एकच चेंडू.
शेवटचा डाव, तिसरा स्ट्राइक,
फलंदाज चुकलेला, सामना जिंकल्यात जमा,
आणि चेंडू याच्या हातून निसटून भिंतीपर्यंत घरंगळत गेला,
त्याच्यामागे अख्खा हंगाम.
न्हाव्याकडे अजून कुणीतरी विचारतंच,
'सापडला का रे, कॅझ?'
'शोधतोय,' हा म्हणतो, आणि मान पुढे करतो.

गॅस कंपनीच्या खिडकीतली बर्नाडेट माझ्याकडे मनगट घेऊन येते.
तिनं सांगितलं:
दर जानेवारीत, खिडकी बंद व्हायच्या बेताला,
कॉफीचा डबा घेऊन येतो.
नाव विचारत नाही. आकडा विचारतो फक्त.
सुटे डॉलर मोजता मोजता माझं मनगट गेलं, ती म्हणाली,
आणि हसली, आणि मग हसायची थांबली.

त्याचा मुलगा थॅडियस त्याला गाडीतून सोडतो,
बाहेर बाकावर बसून राहतो, कोट न काढता.
'लोकांची घरं तापवली म्हाताऱ्यानं,' एकदा म्हणाला,
'माझ्या शाळेच्या एका सामन्याला आला नाही.'
हे मी फाइलीत लिहिलं नाही.
फाइलीत त्याला रकाना नाही.

आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची.
याची झाकतच नाही.
कितीही दाबलं तरी बोटांत फटी राहतात,
पलीकडची खिडकी दिसते, खिडकीतला बर्फ दिसतो.
सांगणार होते त्याला.
पण इंग्रजीत 'सव्वा' कुठून आणू?

पहिल्या दिवशीच्या कागदावर प्रश्न असतो:
या हातानं तुम्हाला पुन्हा काय करायचं आहे?
कुणी लिहितं, शर्टाची बटणं.
कुणी, नातीची वेणी.
यानं लिहिलं, सह्या.

मला वाटलं, एवढा मिरवायचा सोस, या वयात?
त्यानं माझं पेन मागितलं, टॉवेलवरच हिशेब मांडला:
सहीला पंधरा डॉलर. बिल दोनशे दहा.
चौदा सह्या म्हणजे एक घर.

तेव्हा तो पूर्ण नाव लिहायचा.
मग आद्याक्षर आणि आडनाव.
आता नुसता सी, तोही मांजरानं ओरखडल्यासारखा,
आणि दुकानदारानं भाव आठवर आणलाय.
'सत्तावीस,' तो म्हणतो. 'सत्तावीस करून दे मला, डॉक्टर.'
मी डॉक्टर नाही, हे सांगायचं मी सोडून दिलंय.

तो गेल्यावर व्यायामाचा हिरवा गोळा डब्यात टाकते.
त्यात उमटलेल्या असतात तीन बोटांच्या खाचा,
चौथीच्या जागी नुसतं सपाट.
उद्या दुसरा कुणी तो मळेल, पुसेल.
झाकण लावायला आज हात होत नाही.
बाहेर थॅडियस गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतोय,
आणि म्हातारा, हातमोजे न घालता,
दुसऱ्या बाजूनं.